पिलाची सात घरं

साताऱ्याला आमच्या घरामागे पाण्याची टाकी आहे. तिच्याखालच्या पोत्यावर एका सकाळी एक मांजरी आणि तिची पिलं दिसली. कुठून आणली ते कोणी पाहिलं नव्हतं. काही दिवसांनी ती त्यांना एकेक करून उचलून न्यायला लागली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मानेला धरलं की पिलू एकदम गप्प व्हायचं, मागचे पाय पोटाशी घ्यायचं आणि शेपूट आत वळवायचं. हे त्याला कोणी सांगितलं असेल, याचा मी किती तरी वेळ विचार करत राहिले. शेवटचं पिलू न्यायला ती आलीच नाही. माणसाचा वास लागला तर ती त्याला टाकेल, म्हणून आम्ही लांबून वाट पाहिली. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला तेव्हा आई म्हणाली, आता आण आत.

आईला मांजराच्या केसांनी दम लागतो. मला सांगलीला परत जायचं होतं. मी मिरजेत एका दवाखान्यात रिपोर्ट टाइप करते आणि माधवनगरला आत्याकडे राहते. त्यामुळे पिलू माझ्याबरोबर निघालं, भाजीच्या टोपलीत, वर ओढणी बांधून. एसटीत कंडक्टरनं टोपलीत डोकावून विचारलं, "हाफ का फुल?" सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली आणि मी खिडकीबाहेर. कराड मागे पडल्यावर टोपलीच्या विणीतून एक पंजा बाहेर आला आणि माझ्या बोटावर टेकला. त्याचे तळवे जांभळाच्या रंगाचे होते. सांगली येईपर्यंत मी ते बोट हलवलं नाही.

आत्यानं पिलाला ठेवून घेतलं. तिच्या घरात ती आणि तिचे यजमान, दोघंच. त्यांना मी मामा म्हणते. मामांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर कापड विणण्यात गेलं. त्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेत, म्हणून ते मोठ्यानं बोलतात आणि आपण मोठ्यानं बोललो तरच त्यांना ऐकू येतं. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. तेव्हापासून त्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. दाढी करताना जरासं कापलं तरी टॉवेल भिजतो.

पहिले काही दिवस आम्ही सगळेच पिलासमोर बोटं नाचवत होतो. ते उडी मारायचं, बोट धरायचं, चावायचं, आणि आम्ही हसायचो. त्याचे दात तांदळाच्या कणीएवढे होते. नखं तर दिसायचीच नाहीत. उडी मारताना मात्र ती कुठून तरी बाहेर यायची, काचेसारखी आरपार, आणि काम झालं की पुन्हा आत. एवढ्याशा पंजात एवढी जागा कशी, हे बघायला मी त्याला मुद्दाम खेळवायचे.

मग ते मोठं व्हायला लागलं. ते चालायचंच नाही, सोफ्यावरून पडद्यावर, पडद्यावरून शिलाई मशिनवर असं जायचं. पायजम्याची नाडी, आत्याच्या पदराचं टोक, माझी वेणी, जे हलेल ते त्याचं. आणि सगळ्यांत जास्त हलायचे ते मामांचे हात. त्यांना ते येताना ऐकू यायचं नाही. गळ्यात घुंगरू बांधू म्हटलं, तर त्याचाही उपयोग नव्हता.

एकदा मामा पेपर वाचत होते. पिलानं खुर्चीखालून झेप घेऊन त्यांचा हात धरला. मामांनी तो झटकन ओढून घेतला. मागावर काम करणाऱ्या माणसाचा हात असाच येतो मागे. धावत्या धोट्याजवळ काही जाणवलं की विचार करायच्या आत हात बाहेर. तेवढं जमलं म्हणून त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत. पण ओढलेला हात पिलाला पळणाऱ्या उंदरासारखा वाटला. त्यानं नखं रोवली. मनगटापासून बोटांपर्यंत लाल रेघा उमटल्या आणि रक्त थांबेना.

आत्या कापूस दाबून धरत होती. मामा तिला समजावत होते.

"नख मारलं न्हाई गं त्यानं. लागलं."

मला इंग्रजीत याला स्क्रॅच एवढा एकच शब्द माहीत होता. लागणं आणि मारणं यांत एवढं अंतर असतं, आणि रक्त वाहत असताना कोणी ते अंतर मोजून दुसऱ्याची बाजू घेऊ शकतं, हे मी तेव्हा पाहिलं. पण आत्याला ते पटलं नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात तिच्या दिराचं हळदीचं गोडाऊन आहे. तिथे उंदीर फार, मांजर लागतंच. गणपती उठले की तो पिलाला घेऊन जाईल, असं तिनं ठरवून टाकलं. मी बोलत नाहीच फारसं. पण माझ्याकडे बघून तिनंच सांगितलं, "मला मांजर नको असं न्हाई गं. मला माणूस पायजे."

पण ते गोडाऊन मी पाहिलेलं होतं. ट्रक सतत मागेपुढे होत असतात आणि पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या. तिथली मांजरं माणूस दिसला की पळतात. हे पिलू माणूस दिसला की अंगावर यायचं.

कापूस बदलता बदलता आत्या स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आईनं सात घरं दाखवली असती तर शाणं झालं असतं. ह्याची सात घरं ऱ्हायली."

माझं शिक्षण साताऱ्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत झालं. मराठीचा एक तास असायचा. त्यात म्हणी आणि वाक्प्रचार मी मार्कांसाठी पाठ केले, अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. त्यात सात घरं नव्हती. मला वाटलं, बाळाचं बारसं असतं, कान टोचतात, तसंच हे मांजराचं काही तरी करायचं असतं, आणि ते करायचं राहून गेलंय. शिवाय त्या दिवसांत मी फोनवर मांजरांविषयी सापडेल ते बघत होते. त्यातल्या बायका इंग्रजीतून तेच सांगत होत्या: लहान आहे तोवर त्याला निरनिराळी माणसं, घरं, आवाज दाखवा. दोन्हीकडून एकच गोष्ट आली, म्हणून मला शंका आलीच नाही.

घरातले नियम आधी बदलले. हात म्हणजे खेळणं नाही. मी खराट्याच्या काडीला सुताची गुंडी बांधली, आणि खेळायचं ते फक्त तिच्याशी. त्यानं हात धरलाच तर हात ओढायचा नाही, जिथल्या तिथे सैल सोडायचा, आणि त्यानं सोडलं की उठून दुसऱ्या खोलीत जायचं. खेळून दमलं की मग खायला. मला हे जमलं. आत्यालाही जमलं. मामांना हात सैल सोडणं जमेना. ते कबूल करायचे, मान हलवायचे, आणि वेळ आली की हात आपोआप मागे यायचा. म्हणून ते लोकरीचे हातमोजे घालून बसायला लागले. श्रावणात.

मग मी सात घरांच्या मागे लागले. आत्याकडे राहून मला वर्ष होत आलं होतं, पण गल्लीत मी कोणाशी बोललेले नव्हते. बसस्टॉपपर्यंत जाताना मी कानात इअरफोन घालून चालायचे, गाणं न लावता. कोणी काही विचारलं तर ऐकू आलं नाही असं दाखवता यायचं. आता टोपली घेऊन समोरच्या काकूंच्या दारात मी उभी राहिले तेव्हा मला घाम फुटला होता. काकू तांदूळ निवडत होत्या. मी घरून पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं: ह्याची सात घरं राहिलीत, त्यातलं पहिलं तुमचं.

काकूंनी सूप खाली ठेवलं.

"आगं, ते मांजरीनं दाखवायचं आस्तंय. तू कवा व्यालीस?"

"व्यालीस म्हणजे?"

मी हे खरोखरच विचारलं. काकू हसायला लागल्या त्या थांबेचनात. आतून त्यांची सून बाहेर आली, तिला त्यांनी सांगितलं, मग दोघी हसल्या. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. मांजरी पिलांना जागा बदलत फिरवते, बोक्यापासून लपवायला, त्याला लोक सात घरं म्हणतात, एवढं सुनेनं मला समजावून सांगितलं. करायचं काही नसतं. मी टोपली उचलली. तेवढ्यात काकू डोळे पुसत म्हणाल्या, "आता आलीस तर बस की. दाखव तुझं लेकरू."

पिलू टोपलीतून बाहेर आलं. अनोळखी फरशीवर ते पोट टेकवून, मान लांब करून, एकेक पाऊल टाकत गेलं. आमच्या घरातला दंगेखोर तो हाच, हे मला खरं वाटेना. त्यानं सुपाची कड हुंगली, काकूंच्या पायाची जोडवी हुंगली, आणि कुकरची शिट्टी झाली तसं ते हवेत सरळ वर उडून माझ्या मांडीवर येऊन पडलं. ओढणीखाली त्याचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं. त्याला लपायला मी पुरते, हे मला नवीन होतं. एरवी मीच कोणाच्या तरी मागे असते.

दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या गल्लीला ते कळलं होतं. व्यालेली पोरगी म्हणून माझी ओळख झाली आणि ती अजून पुसलेली नाही. पण त्यामुळे मला काही सांगावं लागेना. कोपऱ्यावरच्या घरात अजून चार माग चालतात. तिथल्या बाई स्वतःच म्हणाल्या, आमच्यात कवा आणणार? मागांचा आवाज पिलाला सोसवणार नाही म्हणून मी आधी बाहेरच्या ओट्यावर बसले, नंतर उंबऱ्याशी, नंतर आत. पहिल्या दिवशी त्याचे कान डोक्याला चिकटलेले होते. मग एकेका दिवशी ते थोडे थोडे वर आले. शेवटी ते खडखडाटात झोपलं. सुताच्या बाचक्यावर, चारी पाय पसरून. मामा बोलवायला आले होते. ते दारात थांबले आणि खुणेनं मला म्हणाले की असू दे, उठवू नको. मीही लहान असताना असाच झोपायचो, असं त्यांनी मला घरी येताना सांगितलं. सांगितलं म्हणजे अर्थात सगळ्या रस्त्याला सांगितलं.

त्यापुढच्या घरात एक नर्सबाई राहतात, मिरजेला ड्यूटी करतात. त्यांच्या बैठकीत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली स्वच्छ चादरीची कॉट. त्यांनी पिलाला मांडीवर घेतलं, पंजा हलकेच दाबून नखं बाहेर काढली आणि टोकं कापायची कशी ते दाखवलं. आतला गुलाबी भाग सोडायचा. मामांच्या हाताला पुन्हा लागलं तर किती वेळ दाबून धरायचं आणि केव्हा डॉक्टरांकडे न्यायचं, तेही सांगितलं. नख कापलं तरी चार दिवसांत पुन्हा टोक येतं, असंही त्या म्हणाल्या. मी उठले तेव्हा त्यांनी मला विचारलं की मी दवाखान्यात कोणत्या विभागात आहे, आणि आम्ही बराच वेळ बोललो. दारात आल्यावर मला कळलं की मी बोलले.

एका घरात दोन लहान बहिणी होत्या. त्या किंचाळत धावल्या आणि पिलू कपाटामागे गेलं. मी त्यांना जमिनीवर बसवलं, हात मागे बांधायला लावले आणि काडी माझ्या हातात ठेवली. जो हलेल तो बाद. एवढ्या वेळात मी त्यांना एकदाही पुन्हा सांगितलं नाही आणि त्या हलल्या नाहीत. पिलू कपाटामागून आलं, धाकटीच्या गुडघ्यावर चढलं, तिनं श्वास रोखून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, आनंदानं की कळ लागून, मला सांगता येणार नाही.

पण मी पाहिलं त्यात सगळ्यांत मोठं काही असेल तर ते शिंपीकाकांच्या घरी. त्यांच्याकडे पिवळी मांजरी आहे. तिची पिलं मोठी होऊन पांगली होती. शिंपीकाका म्हणाले, सोड, ती बघून घेईल. मी घाबरत टोपली उघडली. पिलू सरळ तिच्या शेपटीवर गेलं. तिनं वळूनही पाहिलं नाही. ते पुन्हा गेलं, चावलं. तेव्हा तिनं एका पंजानं त्याला उताणं पाडलं, त्याच्या मानेवर तोंड ठेवलं आणि तशीच थांबली. पिलू किंचाळलं. मी उठले, शिंपीकाकांनी हातानं मला थांबवलं. मांजरीनं तोंड उचललं, बाजूला झाली आणि पाय चाटत बसली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. पिलू पडून राहिलं, मग उठून पुन्हा गेलं, आणि पुन्हा तेच झालं. आणि पुन्हा.

मी रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याला तिथे न्यायला लागले. ते तिला जोरात चावलं की खेळ बंद. ती उठून शिलाई मशिनच्या फळीवर जाऊन बसायची. ते खाली एकटं, वर बघत. अगदी हेच मी घरी करत होते, दुसऱ्या खोलीत जात होते, पण माझ्याकडून ते शिकायला त्याला वेळ लागत होता. तिच्याकडून ते एका श्वासात घेत होतं. हळूहळू त्यांची मारामारी गप्प होत गेली. एका संध्याकाळी ती उताणी होती, हे तिच्या पोटावर, ह्याचं तोंड तिच्या गळ्याशी, आणि दोघांचेही पंजे बंद होते. पुढचे चारही पंजे नुसते मऊ गोळे. मी खाली वाकून, गाल फरशीला लावून ते पाहिलं. शिंपीकाकांच्या बायकोनं मला तसं पाहिलं आणि माझ्यासाठी पंखा लावला.

गणपती बसले, गौरी आल्या, गेल्या. मी मोजत होते ती घरं पाचच भरली. शेजारच्या निवृत्त काकांनी मांजर नको म्हणून सरळ सांगितलं होतं. त्यांच्याकडे पिलू आपलं आपणच गेलं, खिडकीच्या गजांतून, आणि त्यांच्या घडी केलेल्या धोतरांवर झोपलेलं सापडलं. ते घर सातांत धरावं की नाही यावर समोरच्या काकूंच्या कट्ट्यावर चर्चा झाली. काकूंनी निकाल दिला, धरायचं. मग सातवं? आपलं घर धरता येत नाही, असं कोणी म्हणालं. काकूंनी विचारलं, हे आलं कुठनं. साताऱ्यासनं, मी म्हटलं. आमच्या टाकीखालून.

"मग ते पयलं. आईनं दावलेलं," काकू म्हणाल्या.

तोपर्यंत मला वाटत होतं की त्याच्या आईनं त्याला आमच्याकडे टाकलं. आमचं घर तिनं बघून, निवडून, त्याला दाखवलं होतं, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी घरी येईपर्यंत तेच मनात घोळवत होते.

गणपती उठल्यावर दोन दिवसांनी आत्याचे दीर आले. तोंड बांधता येईल अशी पिशवी त्यांनी बरोबर आणली होती. मामा खुर्चीत पेपर वाचत होते. उकाड्यानं त्यांनी हातमोजे काढले होते आणि एक हात खुर्चीच्या बाजूला लोंबत होता, बोटं थोडी हलत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. खुर्चीखाली दोन डोळे दिसले, मागचा भाग हलायला लागला. हे मला पाठ होतं, पुढे काय होतं तेही. मामांना हाक मारून उपयोग नव्हता आणि मी हलले असते तर ते लवकर झालं असतं.

पिलानं झेप घेतली. दोन्ही पंज्यांनी मामांचा हात धरला आणि मधलं बोट तोंडात घेतलं.

मामांच्या खांद्याला झटका बसला. मला तो सदऱ्यातून दिसला. आणि हात मागे आला नाही. त्या माणसाचा हात उभ्या आयुष्यात पहिल्यांदा जिथल्या तिथे राहिला, सैल, बोटं उघडी. पिलू लोंबकळत होतं. मग ते थांबलं. त्यानं तोंड उघडं ठेवूनच वर मामांकडे पाहिलं, पंजे सैल केले, बोट एकदा चाटलं आणि खाली उतरून काडी कुठे आहे ते शोधायला गेलं.

मामांनी पेपर मांडीवर ठेवला, हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. मग तो आत्यापुढे धरला. आत्यानं चष्मा लावला. तिनं त्यांचा हात स्वतःच्या हातात घेतला, खिडकीच्या उजेडाकडे नेला, आणि बोटांच्या बेचक्यांतसुद्धा पाहिलं. मी तांब्या घट्ट धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

दिरांनी विचारलं, न्यायचं ना मग? पिशवी त्यांच्या गुडघ्यावर होती.

आत्यानं चष्मा काढून पुसला. "च्या घे आधी," ती म्हणाली, आणि आत जाताना ती पिशवी त्यांच्या गुडघ्यावरून उचलून तिनं कांद्यांच्या टोपलीवर टाकली.

मामांनी हात खाली केला, पुन्हा खुर्चीच्या बाजूला, मघाच्याच जागी. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"मारायचं सोड. लागलं बी न्हाई."